एव्हियान : उगम, लेबलवरचे आकडे आणि पुण्यातल्या घरात तिचा उपयोग

कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, औंध, बाणेरची मोठी सुपरमार्केटं, कॅम्पातली आयात मालाची दुकानं आणि विमानतळ, एवढ्या ठिकाणी पुण्यात एव्हियान ही फ्रान्सहून येणारी मिनरल वॉटरची बाटली मिळते. शेजारच्या साध्या पाण्याच्या बाटलीपेक्षा तिची किंमत कित्येक पट असते. एवढे पैसे कशाचे, हे लेबलवरचे आकडे वाचल्याशिवाय कळत नाही. म्हणून इथे चवीआधी आकडे.

आधी कायद्याचं. आपल्याकडे बाटलीबंद पाण्याचे दोन वेगळे प्रकार आहेत आणि त्यांची मानकंही वेगळी आहेत. पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटरला आयएस १४५४३ लागू होतं. हे पाणी बोअरचं, नळाचं, कुठलंही चालतं. ते आरओतून काढतात, ओझोन किंवा अतिनील किरणांनी निर्जंतुक करतात, हवं तर त्यात क्षार परत मिसळतात. पॅकेज्ड नॅचरल मिनरल वॉटरला आयएस १३४२८ लागू होतं. इथे पाणी एका ठरावीक, संरक्षित भूगर्भातल्या उगमाचंच हवं, ते उगमाजवळच भरायला हवं, आणि त्यातले क्षार जसे निघाले तसेच राहायला हवेत. लोह, मँगनीजसारखे न टिकणारे घटक गाळून काढायला परवानगी आहे. आरओ लावून क्षार बदलायला नाही. बाटली उलटी करून बारीक अक्षरांत या दोनांपैकी काय छापलंय ते पाहा. हिमालयाचं चित्र दोन्हींवर असू शकतं.

हा फरक कागदोपत्री नाही. जानेवारी २०२४ मध्ये फ्रान्समध्ये उघड झालं की नेस्ले वॉटर्सने आपल्या काही नैसर्गिक मिनरल वॉटरना अतिनील किरणं आणि सक्रिय कोळशाचे फिल्टर लावले होते. कंपनीनेही ते मान्य केलं. ते पाणी पिऊन कोणी आजारी पडलं म्हणून गदारोळ झाला नव्हता. शुद्धीकरण करावं लागतंय तर ते पाणी मुळात या वर्गात बसतं का, असा तो प्रश्न होता. एव्हियान वेगळ्या कंपनीची, दानोनची आहे.

आता उगम. एव्हियान-ले-बँ हे फ्रान्सच्या ओत-साव्हुआ जिल्ह्यातलं, जिनिव्हा सरोवराच्या दक्षिण काठावरचं गाव. हे पाणी सरोवराचं असावं असा अनेकांचा समज असतो, तो चुकीचा. गावाच्या वरच्या अंगाला गाव्होचं पठार आहे. तिथे पडणारा पाऊस आणि बर्फ जमिनीत मुरतो आणि हिमनद्यांनी मागे टाकलेल्या वाळूच्या थरांतून हळूहळू खाली उतरतो. कंपनी हा काळ पंधरा वर्षांहून जास्त सांगते. या वाळूच्या वर आणि खाली चिकणमातीचे थर आहेत आणि खरी राखण तेच करतात. वरची घाण खाली झिरपू देत नाहीत आणि पाणी वाळूतच कोंडून ठेवतात. काशा नावाच्या झऱ्याशी पाणी बाहेर येतं ते वर्षभर ११.६ अंश सेल्सिअसला. उन्हाळा असो की बर्फ पडत असो, तापमान हलत नाही. पृष्ठभागावरचं पाणी मध्येच मिसळत असतं तर ते ऋतूप्रमाणे वरखाली झालं असतं.

या पाण्याची ख्याती १७८९ पासूनची. बाटल्या भरायला परवानगी १८२६ मध्ये मिळाली, तेव्हा हा प्रदेश फ्रान्सचा नसून सार्डिनियाच्या राजाचा होता. आज पाणी नळाने शेजारच्या आंफिओंच्या कारखान्यात जातं आणि तिथे भरलं जातं. यातलं आम्हाला सगळ्यात मोलाचं वाटतं ते पठाराचं राखलेलं पाणलोट. १९९२ पासून वरची गावं आणि कंपनी यांची एक संयुक्त संस्था शेतीतली खतं, शेण-मूत्र, सांडपाणी यांवर काम करते. २००८ मध्ये या पाणलोटाला रामसर या आंतरराष्ट्रीय कराराखाली पाणथळ क्षेत्राचा दर्जाही मिळाला. याचा पुरावा लेबलवरच आहे : नायट्रेट ३.८ मिलिग्रॅम. आपल्या मानकात ५० पर्यंत चालतं. पठारावर गाईगुरं आहेत, शेती आहे, आणि तरी आकडा एवढा खाली आहे.

लेबलवरचे आकडे, दर लिटरला मिलिग्रॅममध्ये : कॅल्शियम ८०, मॅग्नेशियम २६, सोडियम ६.५, पोटॅशियम १, सिलिका १५, बायकार्बोनेट ३६०, सल्फेट १४, क्लोराइड १०, नायट्रेट ३.८. १८० अंशाला आटवल्यावर उरणारा कोरडा क्षार ३४५, पीएच ७.२. जुन्या बाटल्यांवर यातले काही आकडे थोडे वेगळे दिसतात.

हे आकडे खरे की नुसते छापलेले, हे घरबसल्या तपासता येतं. पाण्यात धन आणि ऋण भार सारखे असावेच लागतात, म्हणून प्रत्येक आकड्याला त्या घटकाच्या सममूल्य वजनाने, म्हणजे त्याचं अणू-रेणूवजन भागिले त्याचा विद्युतभार, याने भागायचं. धन बाजू : कॅल्शियम ८० भागिले २० म्हणजे ४.०, मॅग्नेशियम २६ भागिले १२.१५ म्हणजे २.१४, सोडियम ६.५ भागिले २३ म्हणजे ०.२८, पोटॅशियम ०.०३. बेरीज ६.४५. ऋण बाजू : बायकार्बोनेट ३६० भागिले ६१ म्हणजे ५.९०, सल्फेट १४ भागिले ४८ म्हणजे ०.२९, क्लोराइड १० भागिले ३५.५ म्हणजे ०.२८, नायट्रेट ३.८ भागिले ६२ म्हणजे ०.०६. बेरीज ६.५३. फरक एका टक्क्याच्या आसपास. पाच टक्क्यांपर्यंतचा फरक चांगल्या प्रयोगशाळेच्या अहवालातही चालवून घेतात. म्हणजे हा तक्ता एकाच पाण्याचा आणि नीट मोजलेला असावा.

कुठल्याही बाटलीवर ही तपासणी करून बघा. काही लेबलांवर 'कॅल्शियम ४० ते ८०' अशा मर्यादाच दिलेल्या असतात. तिथे ताळा जुळवता येत नाही, आणि आपण नक्की काय पितोय तेही कळत नाही. खनिजांसाठी पैसे मोजायचे तर आकडा एकच हवा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

दुसरी शंका हमखास येते. वरचे सगळे आकडे मिळवले तर ५१६ होतात, मग कोरडा क्षार ३४५ कसा? पाणी आटवताना बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं, अर्ध्याहून थोडा जास्त भाग कार्बन डायऑक्साइड आणि वाफ होऊन उडून जातो. ३६० चे उरतात साधारण १७७. तो धरून पुन्हा बेरीज केली की ३३३ येते, म्हणजे ३४५ च्या अगदी जवळ. लेबलात खोट नाही.

आणि पेनासारखा टीडीएस मीटर बुडवून '३४५ येत नाही, म्हणजे माल डुप्लिकेट' असा निष्कर्ष काढू नका. तो मीटर क्षार मोजतच नाही. तो पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि आत ठरवून ठेवलेल्या गुणकाने गुणतो. काही मीटरचा गुणक ०.५ असतो, काहींचा ०.७. त्यामुळे त्याच बाटलीत एक मीटर तीनशेच्या आत दाखवेल, दुसरा चारशेच्या आसपास. शिवाय सिलिकातून वीज वाहत नाही, ती मीटरला दिसतच नाही.

जडपणाचा हिशोब सोपा आहे. कॅल्शियम गुणिले २.५, अधिक मॅग्नेशियम गुणिले ४.१२. एव्हियानचा जडपणा येतो कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात साधारण ३०७. युरोपच्या नियमात ५०० पर्यंत कोरडा क्षार असलेलं पाणी 'कमी खनिजांचं' समजतात, म्हणजे तिकडे हे हलक्यात मोडतं. पुण्यात मात्र ते जड लागतं. याला कारण आपलं पाणी. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांतलं पाणी सह्याद्रीच्या काळ्या पाषाणावरून धावत येतं. खडकाशी त्याची गाठ थोडाच वेळ पडते आणि तो खडक सहजी विरघळतही नाही. म्हणून महापालिकेच्या नळाचं पाणी हलकं. त्यावर घरोघरी आरओ लावला की उरतेसुरते क्षारही जातात. त्या चवीला सरावलेल्या जिभेला एव्हियान 'घट्ट' वाटणारच. वाघोली, हडपसरकडे टँकर नाहीतर बोअरच्या पाण्यावर राहणाऱ्यांना तसं वाटणार नाही, तिथलं पाणी बऱ्याचदा याहूनही जड असतं. पण तिथल्या जडपणाबरोबर क्लोराइड आणि नायट्रेटही येऊ शकतात. एव्हियानमध्ये ते दोन्ही नगण्य आहेत, म्हणून जड असूनही ती खारट किंवा मचूळ लागत नाही.

खडक बदलला की पाणी कसं बदलतं, याचं चांगलं उदाहरण फ्रान्सचंच व्होल्विक. ते ज्वालामुखीच्या खडकातून येतं. कॅल्शियम फक्त १२, मॅग्नेशियम ८, पण सिलिका ३२. जर्मनीच्या आयफेल भागातलं गेरोलस्टायनरही ज्वालामुखीच्या प्रदेशातलंच, पण जमिनीतून येणारा कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळतो आणि आम्ल झालेलं पाणी चुनखडीयुक्त खडक भराभर विरघळवतं. कॅल्शियम ३४८, बायकार्बोनेट १८००च्या वर. भारतीय मानकात मिनरल वॉटरला कॅल्शियमची कमाल मर्यादा १०० आणि एकूण क्षारांना १५० ते ७०० अशी चौकट आहे. त्यात एव्हियान आरामात बसते.

चव घ्यायची तर फ्रिजमधून काढल्या काढल्या नको. चार-पाच अंशाला जीभ बधिर होते आणि सगळी पाणी सारखीच लागतात. बाटली बाहेर काढून थोडा वेळ थांबा, पाणी १२ ते १४ अंशाला येऊ द्या, काचेच्या पेल्यात ओता. शेजारी आरओचं पाणी, आणि क्लोरीन उडून जावा म्हणून रात्रभर उघडं ठेवलेलं नळाचं पाणी ठेवा. एव्हियान जिभेवर भरीव लागते, घोट गिळल्यावर किंचित खडूसारखा कोरडेपणा मागे राहतो. तो कॅल्शियम-बायकार्बोनेटचा. मॅग्नेशियम आणि सल्फेट वाढले की येणारा कडवटपणा इथे जवळपास नाही. जेवताना, विशेषतः तिखट जेवणाबरोबर, हे पाणी छान लागतं. नुसती तहान भागवायला, चालून आल्यावर गटागटा प्यायला, आम्हाला आपलं हलकं पाणी बरं वाटतं.

आता तक्रारींकडे. सर्वात जास्त गैरसमज होतात ते पांढऱ्या कणांमुळे. बाटली गोठवून वितळवली की तळाला पांढरे कण दिसतात. पाणी उकळलं की वर साय आल्यासारखा पांढरा थर येतो. बर्फाचे खडे पेल्यात विरघळले की बारीक पापुद्रे उरतात. ही भेसळ नाही. या पाण्याच्या ३०७ जडपणापैकी सुमारे २९५ बायकार्बोनेटशी बांधलेला आहे. उकळताना किंवा गोठताना कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं. लिटरमागे जास्तीत जास्त २०० मिलिग्रॅम. खात्री करायची तर कणांवर व्हिनेगर टाका, फसफसून विरघळले तर चुनाच आहे. न विरघळणारे, तंतूंसारखे किंवा हिरवट काही दिसलं तर मात्र ते वेगळं प्रकरण. बाटली न पिता बिलासकट दुकानात परत न्या.

म्हणूनच विजेच्या किटलीत ही बाटली ओतू नका. ओतलीच असेल तर अर्धा लिटर पाण्यात चमचाभर सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूफूल, घालून उकळा आणि वीस मिनिटांनी धुवा. तूरडाळ या पाण्यात शिजवणं हेही पैसे वाया घालवणं. डाळीतलं पेक्टिन कॅल्शियमशी बांधलं जातं आणि डाळ गळत नाही, कुकरच्या शिट्ट्या वाढवाव्या लागतात. दूध घालून उकळलेल्या चहात फरक दबून जातो, पण दार्जिलिंग किंवा ग्रीन टी यात मळकट होतो आणि वर तवंग धरतो.

एक उपयोग मात्र खरोखर फायद्याचा आहे. पुण्यात घरी ताजी दळून फिल्टर कॉफी करणारे वाढलेत, आणि आरओच्या पाण्यात ती कॉफी आंबट, पातळ लागते ही तक्रार नेहमीची. २०० मिली एव्हियान आणि ८०० मिली आरओचं पाणी मिसळा. जडपणा साधारण ६१ आणि क्षारीयता, म्हणजे आम्लाला तोंड देण्याची ताकद, ५९ येते. आरओमध्ये स्वतःचे थोडे क्षार असतील तर किंचित जास्त. कॉफीला जडपणा ५० ते १७५ आणि क्षारीयता ४० ते ७० चालते, तेव्हा हे मिश्रण नेमकं बसतं. एका बाटलीचं पाचपट पाणी होतं आणि किटलीतही खास थर धरत नाही. ग्रीन टीलाही हेच मिश्रण वापरा.

तब्येतीच्या दाव्यांवर आमचं मत थंड आहे. लिटरभर एव्हियानमधून ८० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं, प्रौढ माणसाची शिफारस दिवसाला १००० ची आहे. गाईच्या दुधाच्या एका पेल्यात साधारण २४० असतं. म्हणजे पेलाभर दुधाची बरोबरी करायला तीन लिटर पाणी. पन्नास ग्रॅम पिठाची नाचणीची भाकरी १८० च्या आसपास देते. कॅल्शियमसाठी एव्हियान घेणं खिशाला परवडणारं नाही. रक्तदाबवाल्यांना मीठ कमी करायला सांगितलं असेल तर ६.५ सोडियम ही जमेची बाजू. फ्रान्सच्याच विशी सेलेस्तँमध्ये ते हजाराच्या वर असतं, तेव्हा 'परदेशी मिनरल वॉटर' म्हणून सगळी एका माळेत ओवू नका. मुतखडा असेल तर बाटलीवरचे आकडे डॉक्टरांना दाखवून विचारा. खड्याचा प्रकार कळल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

जिममध्ये पीएच साडेआठ-नऊवाली 'अल्कलाइन' पाणी घेणारे एव्हियानचा ७.२ पाहून नाक मुरडतात. आम्लाला तोंड देण्याची पाण्याची ताकद बायकार्बोनेटमध्ये असते, पीएचच्या आकड्यात नाही. जवळपास क्षार नसलेल्या पाण्याचा पीएच चिमूटभर क्षाराने नऊवर नेता येतो आणि दोन थेंब लिंबाने तो कोसळतो. एव्हियान उघडून पेल्यात तासन्‌तास ठेवली तर कार्बन डायऑक्साइड उडून तिचा पीएच आपोआप आठाच्या वर सरकतो. पाण्याचा गुण तेवढ्याने बदलत नाही.

खरेदीत पाहायच्या गोष्टी थोड्या पण महत्त्वाच्या. आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी आणि चौदा अंकी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) क्रमांक असलेला स्टिकर हवा. तो स्टिकर कधीकधी नेमका खनिजांच्या तक्त्यावरच चिकटवलेला असतो. हे ग्राहकाला न कळवण्यासारखंच आहे, दुसरी बाटली मागा. झाकणाची खालची कडी सलग हवी. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे ऊन. प्लास्टिकच्या बाटलीतून ॲसिटाल्डिहाइड पाण्यात उतरतं, ते उष्णतेने आणि काळाने वाढतं, आणि अगदी कमी प्रमाणातही गोडसर, फळांच्या पेपरमिंटसारखा वास देतं. एप्रिल-मेमध्ये पुण्यात पारा चाळिशीला टेकतो. टेम्पोत उभा राहिलेला किंवा दुकानाच्या काचेत सजवलेला माल घेऊ नका. मागच्या रांगेतली, सावलीतली, शक्यतो ताज्या तारखेची बाटली घ्या. काचेची मिळाली आणि परवडली तर तीच. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथल्या बाटलीबंद पाण्यात लिटरमागे सरासरी २,४०,००० प्लास्टिकचे सूक्ष्म कण मोजले, बहुतेक नॅनो आकाराचे. तब्येतीवर त्याचा परिणाम काय, यावर अभ्यास चालू आहे. रोजच्या पिण्याला प्लास्टिकची बाटली आम्ही सुचवत नाही, ती कुठल्याही कंपनीची असो.

हॉटेलात एमआरपीपेक्षा जास्त लावलं म्हणून वाद घालण्यात अर्थ नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये हॉटेल-रेस्टॉरंटना त्याची मुभा दिली आहे, कारण तिथे सेवाही विकली जाते. आग्रह धरायचा तो सील तुमच्यासमोर तोडण्याचा. पेले भरून आणले तर परत पाठवा.

भारतीय उगमाचं नैसर्गिक मिनरल वॉटर हवं असेल तर टाटांचं हिमालयन, हिमाचलच्या सिरमौर जिल्ह्यात शिवालिकच्या पायथ्याला भरलं जाणारं, हा पहिला पर्याय. हजारो किलोमीटरचा समुद्रप्रवास टळतो आणि किंमतही बरीच कमी. पाहुण्यांच्या जेवणाला आम्ही तेच सुचवू. एव्हियान घ्यावी ती चव तुलना करून समजून घ्यायला किंवा कॉफीच्या मिश्रणाला.

बाटली उघडल्यावर तोंड लावून पिऊ नका. या पाण्यात क्लोरीन नाही, ओझोन नाही, आत गेलेले जंतू रोखायला काहीच नाही. पेल्यात ओता, झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवसांत संपवा. तान्ह्या बाळाच्या पावडरच्या दुधाला वापरायची वेळ आली तरी पाणी आधी उकळाच, बाटलीबंद म्हणजे निर्जंतुक नव्हे. रिकामी बाटली टाकताना लेबल फाडा आणि बाटली चुरगाळा, म्हणजे तिच्यात दुसरं पाणी भरून कोणी विकू शकणार नाही.